सावलीतला वेली गुलाब आणि उणे तीस अंश

बर्फ वितळला आणि फांद्यांवरचे डोळे फुगायला लागले, की थंड प्रदेशातली गुलाबवाली मंडळी कात्री घेऊन बाहेर पडतात. काम एकच. शेंड्याकडून वीतभर फांदी कापायची आणि कापल्या जागी डोकावून बघायचं. गाभा तपकिरी दिसला की आणखी वीतभर खाली. पुन्हा तपकिरी, पुन्हा खाली. कुठेतरी सफरचंदाच्या गरासारखा पांढरट गाभा आणि सालीखाली हिरवी कड दिसते. तिथून खाली फांदी जिवंत आहे, तिथे थांबायचं. झुडपी गुलाबाची ही कापाकापी फारशी जिवाला लागत नाही, कारण तो बुडापासून उठतो आणि त्याच उन्हाळ्यात फुलतो. वेली गुलाबाची आठ फुटी फांदी सात फूट तपकिरी निघाली, तर मात्र ते वर्ष गेलंच म्हणून समजा.

माझ्याकडे एकाच जातीची दोन रोपं होती. एक पूर्वेच्या कुंपणावर, दुसरं घराच्या उत्तर भिंतीला. जात तीच, माती तीच, हिवाळाही तोच. कुंपणावरचं बहुतेक वर्षी माथ्यापर्यंत जिवंत निघायचं. भिंतीवरचं फक्त तेवढंच, जेवढं बर्फाखाली झाकलेलं होतं. मी तीन वर्षं थंडीला बोल लावत राहिले. दोष थंडीचा नव्हता, आदल्या ऑगस्टमध्ये न मिळालेल्या उन्हाचा होता.

रोपाला अडकवलेल्या चिठ्ठीवर थंडीचा आकडा आणि सूर्याचं चित्र शेजारी शेजारी छापलेलं असतं. आपण ते दोन वेगळे प्रश्न समजतो: थंडी सोसेल का, आणि ऊन पुरेल का. पण ऊन कमी पडलं की थंडी सोसण्याची ताकदही कमी पडते. अवघड जागेसाठी वेली गुलाब निवडताना हिशोब इथून सुरू करायचा.

फांदी जून होते म्हणजे काय

उन्हाळ्याच्या शेवटी दिवस लहान होतात, रात्री गार पडायला लागतात. गुलाब ही खूण ओळखतो. वाढ थांबवतो, पानांनी बनवलेली साखर फांद्यांत आणि मुळांत साठवायला लागतो. पेशींतलं मोकळं पाणी कमी होतं, उरलेला रस दाट होतो. मग कडाक्याच्या थंडीत बर्फाचे स्फटिक पेशीच्या बाहेरच्या फटींत तयार होतात, पेशीच्या आत नाही. आत झाले की पेशी फाटते आणि आपल्याला वसंतात तो तपकिरी गाभा दिसतो. ही सगळी तयारी पूर्ण झालेल्या फांदीला माळी जून फांदी म्हणतात. (कोवळीच्या उलट ती जून. महिन्याशी काही संबंध नाही. किंबहुना जून महिन्यात गुलाबाची एकही नवी फांदी जून नसते.)

या तयारीला भांडवल लागतं ते साखरेचं, आणि साखर उन्हातून येते. सावलीतली फांदी उजेडाच्या शोधात लांब, बारीक आणि पाणीदार वाढते. पेरं लांब पडतात, साल पातळ राहते. सप्टेंबरात शेजारचं उन्हातलं रोप वाढ आवरून बसलेलं असताना हिच्या शेंड्याला अजून लालसर कोवळी पानं फुटत असतात. दिसायला छान दिसतं. पहिल्या कडक रात्री सगळं काळं.

म्हणून मी पाळते तो नियम असा: जागेला पुरेसं ऊन नसेल, तर आपल्या हवामानाला जो गुलाब कसाबसा चालेल तो घ्यायचा नाही, त्याहून एक पायरी जास्त काटक घ्यायचा. सावली ती एक पायरी खाणारच आहे.

पायऱ्या म्हणजे कुठल्या, ते थोडक्यात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नकाशा सर्वांत जास्त वापरला जातो. त्यात एखाद्या ठिकाणी दर वर्षी सर्वांत कमी किती तापमान जातं, त्याची अनेक वर्षांची सरासरी घेऊन १३ विभाग पाडलेत. विभाग ५ म्हणजे साधारण उणे २९ ते उणे २३ अंश सेल्सिअस, विभाग ४ म्हणजे उणे ३४ ते उणे २९, विभाग ३ म्हणजे उणे ४० ते उणे ३४. आकडा लहान तितकी थंडी जास्त. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची पद्धत नेमकी उलटी आहे: तिथे एच१ सर्वांत नाजूक आणि एच७ म्हणजे उणे २० च्याही खाली टिकणारं. कॅनडाचा स्वतःचा नकाशा आहे, त्यात तापमानाबरोबर बर्फाची जाडी, पाऊस, वारा यांचाही हिशोब आहे. त्यामुळे तिथला ३ आणि अमेरिकेचा ३ एकच धरू नका. रोप कुठल्या पद्धतीने मोजलंय ते आधी विचारा. आणि यातल्या कुठल्याही नकाशाला तुमची भिंत माहीत नसते.

भिंतीचे दोन स्वभाव

इथून पुढे दिशा उत्तर गोलार्धातल्या आहेत. विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहत असाल तर उत्तर-दक्षिण अदलाबदल करून वाचा.

प्रत्येक भिंत उन्हाळ्यात एक वागते आणि हिवाळ्यात दुसरंच. बहुतेक सल्ले उन्हाळ्यातली भिंत बघून दिलेले असतात.

उत्तरेची भिंत घ्या, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. लोक म्हणतात तिथे ऊन येतच नाही. खरं तर उत्तरायणाच्या शेवटी सूर्य ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. ४५ अक्षांशावर २१ जूनला, क्षितिज अगदी मोकळं असेल तर, उत्तरेच्या भिंतीवर जवळजवळ सात तास ऊन पडतं. निम्मं सकाळी, निम्मं संध्याकाळी. ६० अक्षांशावर तर साडेआठ तासांहून जास्त. अर्थात हे ऊन तिरपं, भिंतीला घासून जाणारं, आणि समोर घर किंवा झाडं असली तर त्यातलं अर्धंअधिक तिथेच अडतं. तरीही जूनमध्ये उजेड मोजायचा मीटर लावून बघणाऱ्या माणसाला वाटतं, अरे, इथे गुलाब येईल की!

आता तोच हिशोब २० ऑगस्टला करा. ४५ अक्षांशावर सात तासांचे साडेतीन होतात. २२-२३ सप्टेंबरच्या आसपास शून्य. म्हणजे फांदीला जून व्हायला ज्या सहा-सात आठवड्यांत ऊन हवं, नेमक्या त्याच आठवड्यांत ही भिंत हात आखडता घेते. माझ्या त्या रोपाचं हेच होत होतं. जूनमध्ये ते कुंपणावरच्या भावंडाइतकंच तजेलदार दिसायचं.

हिवाळ्यात मात्र ही भिंत प्रेमळ असते. थेट ऊन नाही, त्यामुळे बर्फ टिकून राहतो, मुळांवर गोधडी पसरल्यासारखा. तापमान खालीवर होत नाही. झोपलेला गुलाब झोपून राहतो. तयारी नीट झालेली असेल तर उत्तरेची भिंत हिवाळ्याला चांगली, आणि सगळी मेख त्या ‘तर’मध्ये आहे.

दक्षिणेची भिंत बरोबर उलटी. उन्हाळाभर साखर भरपूर, फांद्या जाड, सप्टेंबरात जून. मग फेब्रुवारी येतो. आकाश निरभ्र, सूर्य खाली आलेला, त्याचं ऊन भिंतीवर जवळजवळ सरळ आदळतं. जमिनीवरच्या बर्फावरूनही उजेड परत फेकला जातो. हवा उणे आठ असली तरी उन्हाकडची साल गोठणबिंदूच्या वर जाते. फांदीला वाटतं वसंत आला. संध्याकाळी सूर्य कलला की तासाभरात पारा धाडकन खाली. असं दहा-बारा वेळा झालं की साल उभी तडकते. शिवाय मुळं गोठलेल्या मातीत अडकलेली असताना ऊन आणि वारा फांदीतलं पाणी ओढून घेतात. फांदी थंडीने नाही, तहानेने मरते. यावर औषध ऊन वाढवणं नाही, उलट हिवाळ्यापुरती सावली करणं आहे. गोणपाट नुसतं समोर ताणून बांधलं तरी पुरतं. प्लास्टिक गुंडाळू नका. आत उष्णता कोंडून तेच संकट दुप्पट होतं.

पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतरचा चटका. गडद लाल आणि जांभळी फुलं तिथे दोन दिवसांत विटतात, कडा करपतात, आणि कोरड्या गरम हवेत पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड बस्तान बसवते. फिकट रंग घ्या, पाणी कमी पडू देऊ नका. हिवाळ्याचं दुखणं दक्षिणेसारखंच, थोडं सौम्य.

पूर्व मला सर्वांत आवडते. सकाळचं कोवळं ऊन पानांवरचं दव लवकर सुकवतं आणि यात नुसता रम्यपणा नाही. गुलाबावर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला पानात शिरायला साधारण सात तास ओलं पान लागतं. रात्रभर दव, आणि सकाळी दहापर्यंत सावली, असा मुक्काम मिळाला की तिचं काम झालं. म्हणून पाच तासांचं सकाळचं ऊन पाच तासांच्या दुपारच्या उन्हापेक्षा गुलाबाला जास्त मानवतं. भुरी म्हणजे पानांवर पांढरी पूड पसरवणारी बुरशी, तिचं गणित वेगळं: तिला पान ओलं नाही, हवा दमट आणि कोंदट लागते. भिंतीला चिकटवून बांधलेल्या वेलीवर ती हमखास येते. जाळी भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ठोका.

सावलीचेही प्रकार असतात. झाडाखालचे कवडसे, समोरच्या इमारतीची ठोकळेबाज सावली आणि वर मोकळं आकाश असलेली उजळ सावली, तिन्ही वेगवेगळ्या. पानगळीच्या झाडाखाली मे महिन्यात भरपूर ऊन दिसतं, कारण झाड अजून उघडं असतं. त्यावर विसंबून लावलेले गुलाब जुलैत काळोखात बसलेले मी पाहिलेत. फुलण्यासाठी सहा तास थेट ऊन ही गुलाबाची सर्वसाधारण मागणी आहे, समजूतदार जाती चारवर भागवतात. मोजणी जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टच्या अखेरीस एकदा करा. ठरवायचं ते दुसऱ्या आकड्यावरून.

वेली म्हणून आणखी एक अडचण

खरं तर वेली गुलाब वेल नाहीच. त्याला ताणे नाहीत, चिकटणारी मुळं नाहीत. ते उंच फांद्यांचं झुडूप आहे आणि बांधल्याशिवाय वर जात नाही. पण अडचण ती नव्हे. पुष्कळ वेली गुलाब, विशेषतः वर्षातून एकदाच बहरणारे, गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलतात. मूळ जिवंत राहून फांदी मेली तर पुढच्या उन्हाळ्यात दहा फूट हिरवी वाढ मिळेल आणि फूल एकही नाही. चिठ्ठीवरचा आकडा बहुतेकदा एवढंच सांगतो, की झाड मरणार नाही. फांदी टोकापर्यंत वाचेल असं तो म्हणत नाही. दुकानात विचारायचा प्रश्न म्हणून ‘हा इथे जगेल का’ हा नाही. ‘याच्या फांद्या झाकल्याशिवाय किती उंचीपर्यंत वाचतात’ हा आहे. उत्तर देणारा जरा थांबून विचार करायला लागला, तर माणूस जाणकार आहे.

उत्तरेच्या भिंतीसाठी म्हणून ज्या याद्या फिरत असतात, त्यात दोन नावं ठरलेली: झेफिरीन द्रुआँ आणि मादाम आल्फ्रेद कारिएर. पहिला १८६८ चा, बिनकाट्यांचा, गडद गुलाबी, वासाला अप्रतिम. दुसरा १८७९ चा, पांढरा, थोडी गुलाबी झाक असलेला. दोघंही सावलीत खरोखर फुलतात. पण ही कीर्ती इंग्लंडसारख्या सौम्य हिवाळ्याच्या देशात मिळालेली आहे. विभाग ५ मध्ये मादाम दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरते. झेफिरीन उघड्यावर तिथे कशीबशी तग धरते, आणि सावलीत काळे ठिपके व भुरी तिला सोडत नाहीत. मला तिचा मोह आवरत नाही, दोनदा लावली आणि दोनदा उपटली. तुम्ही नका लावू.

थंड प्रदेशाला खरा आधार मिळाला तो दोन ठिकाणांहून. जर्मनीत नवे गुलाब तयार करणारे विल्हेल्म कोर्डेस यांच्याकडे मॅक्स ग्राफ नावाचा जमिनीवर पसरणारा गुलाब होता. काटक रुगोसा आणि लवचिक, चकचकीत पानांचा विचुराना या दोन रानटी गुलाबांचा संकर. जवळजवळ वांझ. त्याच्या मोजक्या बियांतून एक असं रोप निघालं ज्यातली गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली होती, आणि ते फळायला लागलं. त्याला रोझा कोर्डेसी म्हणतात. त्याच्या वंशातून १९५५ चा डॉर्टमुंड आला: एकेरी लाल पाकळ्या, मधे पांढरा डोळा, पानं चमकदार. अर्धवट सावली बऱ्यापैकी सोसतो. विभाग ५ ला धरून चाला.

तेच रक्त ओटावाला पोचलं. कॅनडाच्या कृषी खात्यात फेलिसिटास स्वेज्दा यांनी असे गुलाब निवडले जे उघड्या शेतात, काहीही न पांघरता, हिवाळा काढतील. जुन्या दर्यावर्दी आणि शोधकांची नावं दिल्यामुळे ही एक्सप्लोरर मालिका. वेली म्हणून वापरता येणारे त्यात जॉन कॅबट (१९७८), विल्यम बॅफिन (१९८३), हेन्री केल्सी (१९८४) आणि जॉन डेव्हिस (१९८६). माझं मत विचाराल तर अवघड भिंतीला पहिला बॅफिन. गडद गुलाबी फुलांचे झुपके, नऊ-दहा फूट, विभाग ३ पर्यंत फांद्यांसकट टिकतो, सावलीत फुलं कमी देतो पण देतो. वास जवळजवळ नाही, काटे मात्र राक्षसी. चामड्याचे हातमोजे घ्या. जॉन डेव्हिस त्यामानाने मवाळ. फिकट गुलाबी, भरगच्च, फांद्या वाकायला सोप्या. कमी उंचीच्या कुंपणाला तोच बरा.

न्यू डॉनबद्दल थोडं जास्त लिहावंसं वाटतं, कारण माझी ती दोन रोपं त्याचीच. १९१० चा डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट हा एकदाच बहरणारा गुलाब. त्याच्या एका झाडाला परत परत फुलणारी फांदी फुटली, तिची कलमं करून १९३० मध्ये न्यू डॉन बाजारात आला. अमेरिकेत वनस्पतींना पेटंट देण्याचा कायदा त्याच वर्षी झाला होता, आणि १९३१ मधलं त्यातलं पहिलंच पेटंट या गुलाबाला मिळालं. शंखाच्या आतल्या बाजूसारखा फिका गुलाबी, निरोगी, अर्ध्या सावलीत चालणारा. विभाग ५ मध्ये पूर्वेला उत्तम. उत्तरेला, त्याच विभागात, माझ्यासारखं होईल. विभाग ६ मध्ये उत्तरेलाही लावून बघायला हरकत नाही. एक पायरी म्हणतात ती हीच.

एकदाच बहरणाऱ्यांना नाक मुरडू नका. १९०९ चा जर्मन फाइल्खेनब्लाऊ जांभळा आहे आणि त्याचा रंग भर उन्हापेक्षा अर्ध्या सावलीत जास्त खुलतो, उन्हात तो राखाडी पडतो. दुपारी सावली येणाऱ्या जागेला याहून चांगला उपयोग नाही. फिनलंडमधला १९३७ चा पोलस्टियर्नन, म्हणजे ध्रुवतारा, छोट्या पांढऱ्या फुलांचा, वेली गुलाबांतला सर्वांत काटकांपैकी एक. टाळायचे ते म्हणजे ‘क्लाइंबिंग’ असा उपसर्ग लावलेले प्रसिद्ध झुडपी गुलाब. मोठी सुबक फुलं दिसतात खरी, पण फांद्या नाजूक. सावली आणि थंडी दोन्ही असेल तिथे ते पैसे वाया.

लावताना आणि झोपवताना

शक्य असेल तर स्वतःच्या मुळावर वाढलेलं रोप घ्या. वरचं सगळं मेलं तरी खालून तीच जात येते. डोळा भरलेलं, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर कलम केलेलं, असेल तर जोड जमिनीखाली चार-सहा बोटं गाडा. नाहीतर एखाद्या वसंतात तुमचा पांढरा गुलाब गडद लाल फुलेल. तो चमत्कार नसतो. जोड गोठून मेलेला असतो आणि खालचा खुंट वर आलेला असतो, बऱ्याचदा डॉ. ह्यूई नावाचा. खड्डा भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्या. वळचणीखालची माती भर पावसातही कोरडी राहते.

जुलैच्या शेवटी नत्रखत बंद. सप्टेंबरात सुकलेली फुलं खुडू नका, फळं धरू द्या. फळं धरलेलं झाड नवी फूट काढत नाही.

बांधण्याची रीत सावलीत जास्त महत्त्वाची ठरते. फांदी सरळ उभी ठेवली तर शेंड्याचा डोळा खालच्या सगळ्यांना दाबून ठेवतो आणि फुलं वर, टोकाला. तीच फांदी कोवळी असताना हळूहळू वाकवून जवळजवळ आडवी बांधली, की प्रत्येक पेरातून उभा फुटवा निघतो आणि प्रत्येक फुटव्यावर फूल. ऊन तेवढंच, फुलं कितीतरी जास्त. सुतळीचा फास इंग्रजी आठासारखा घाला, एक वेढा तारेला, एक फांदीला, मधे बोट जाईल एवढी सैल. ज्यांच्याकडे जाती काठावरच्या आहेत, त्यांनी पानं गळाल्यावर पण माती गोठण्याआधी हे फास सोडून फांद्या हलकेच जमिनीवर आडव्या कराव्यात, वर माती किंवा पाला पसरावा. कडाडून मोडेल असं वाटतं. थंड पण न गोठलेल्या दिवशी, दोन टप्प्यांत वाकवली तर मोडत नाही.

आणि ऑगस्टच्या अखेरच्या मोजणीत तीन तासही भरले नाहीत, तर गुलाब नकोच. तिथे वेली हायड्रेंजिया लावा. ती सावलीत सुखाने राहते, विभाग ४ मधली थंडी काढते, आणि भिंत स्वतःच्या मुळांनी धरते, बांधायचीही कटकट नाही. माझ्या उत्तर भिंतीला साडेतीन भरले. तिथला न्यू डॉन मी काढला आणि बॅफिन लावला. चौथ्या वसंतात कात्री घेऊन गेले, शेंडा वीतभर कापला, आणि पहिल्याच कापात गाभा पांढरा होता. फुलं कुंपणावरच्यापेक्षा निम्मीच येतात.